अंधार मोजणारी वाळू

हैदराबादच्या हिमायतनगरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक आडोसा आहे. समोरच्या दुकानांच्या पाट्या आणि नारायणगुड्याच्या उड्डाणपुलावरचे दिवे तिथून थेट डोळ्यांत येत नाहीत. जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास तिथे उभे राहिले, तर डोक्यावरून किंचित दक्षिणेला मृग नक्षत्र येते. चार कोपऱ्यांचे चार तारे, मधोमध तिरक्या रेषेत तीन. एका हिवाळ्यात आम्ही घरच्यांनी तिथे एक साधा प्रयोग केला. मृगाच्या चौकटीचे चार कोपरे सोडायचे आणि आत किती तारे दिसतात ते मोजायचे. बाणाचे तीन तारे आणि त्यांच्या खाली जेमतेम दोन असे पाच तारे मिळाले.

ही मोजणी आमच्या कल्पनेतली नाही. ब्रिटनमध्ये सामान्य नागरिक हिवाळ्यात नेमके हेच करतात. चौकटीत दहापेक्षा कमी तारे दिसले तर तिथे प्रकाशाचे प्रदूषण तीव्र, आणि तीसपेक्षा जास्त दिसले तर आकाश खरोखर काळोखे, असा त्यांचा ठोकताळा आहे. उपकरण लागत नाही, फक्त डोळे आणि थोडा धीर लागतो. आमच्या पाच ताऱ्यांनी एक प्रश्न उभा केला. उरलेले तारे पाहायला कुठे जायचे? उत्तर शोधत आम्ही थरच्या वाळवंटात गेलो. मात्र या गोष्टीची सुरुवात हैदराबादेतच होते.

बेगमपेठेतले लाखो तारे

हिमायतनगरातून हुसेनसागराच्या पलीकडे गेले की बेगमपेठ लागते. तिथे निजामिया वेधशाळा होती. नवाब जफर जंग या हौशी जाणकाराने १९०१ मध्ये फिसलबंडा येथे ती उभी केली. त्यांच्याकडे १५ इंच व्यासाची दुर्बीण होती. त्यांच्या निधनानंतर वेधशाळा निजाम सरकारकडे आली आणि १९०८ मध्ये बेगमपेठेला हलली. पुढे १९१९ मध्ये ती उस्मानिया विद्यापीठाशी जोडली गेली.

त्या काळी जगभरच्या वेधशाळांनी मिळून एक अफाट काम हाती घेतले होते. पॅरिसमध्ये १८८७ साली ठरलेल्या या योजनेत संपूर्ण आकाशाचे पट्टे पाडले होते. एकेका वेधशाळेने एकेक पट्टा वाटून घ्यायचा, त्याची काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे काढायची आणि प्रत्येक ताऱ्याचे स्थान मोजायचे. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा पट्टा मूळ चिलीतल्या सांतियागो वेधशाळेकडे होता. तिथे काम पुढे सरकले नाही, तेव्हा तो हैदराबादकडे आला. पुढे उत्तरेकडचाही एक पट्टा हैदराबादने उचलला. रात्री छायाचित्रे आणि दिवसा मोजणी, असे हे काम काही दशके चालले. त्यातून बारा खंड निघाले आणि त्यांत साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने नोंदली गेली.

हैदराबादचा दक्षिण पट्टा आजही सहज ओळखता येतो. मृगाच्या पायांखाली शशक नावाचा लहानसा तारकासमूह आहे. त्याचे दोन ठळक तारे याच पट्ट्यात येतात. अनुराधा नक्षत्रातले दोन तारेही त्यातच आहेत. पट्टा मध्यमंडलावर आला की हैदराबादेतून दक्षिणेला ५० ते ५५ अंशांवर दिसतो, म्हणजे मान फारशी न वाकवता पाहता येईल इतका सोयीचा. या शहराने एकेकाळी जगासाठी मोजलेला आकाशाचा तुकडा रोज रात्री आपल्या गच्चीवरून जातो, आणि आपल्याला त्यातले चार-सहा तारे दिसतात.

शहर वाढले, धूळ वाढली, दिवे वाढले. १९६० च्या दशकात उस्मानिया विद्यापीठाने शहरापासून दूर, जपाल आणि रंगापूर या गावांजवळ नवी वेधशाळा बांधली आणि तिथे ४८ इंचांची दुर्बीण बसवली. दुर्बिणीलाही अंधाराच्या शोधात गाव सोडावे लागले. आपणही तेच करायचे, फक्त थोडे लांब जायचे.

कुठे आणि केव्हा

जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम हे गाव आहे. त्याच्या आसपासच्या वाळूच्या टेकड्यांना तिथले लोक धोरे म्हणतात. एक तो धोरा. नैऋत्येला खुडी गावाजवळही असे धोरे आहेत. या भोवतालच्या प्रदेशात मरुभूमी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. १९८० साली अधिसूचित झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर असून ते जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत आहे. नाव ऐकून सगळीकडे वाळूच्या लाटा असतील असे वाटते, पण धोऱ्यांनी व्यापलेला भाग साधारण पाचवा हिस्सा आहे. बाकी खडकाळ पठार, गवताचे माळ, खुरटी झुडपे आणि कोरड्या खारट तळ्यांचे तळ.

हैदराबादहून जोधपूर गाठायचे आणि तिथून सुमारे तीनशे किलोमीटरचा रेल्वेचा प्रवास करून जैसलमेरला उतरायचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. त्यातही तारखा ठरवताना कॅलेंडरपेक्षा पंचांग कामाचे. तारे पाहायचे तर अमावस्येच्या आगेमागे तीन-चार दिवसांत जावे. इथे एक गंमत ध्यानात ठेवावी. आपल्याकडे आणि तेलुगू मुलखात महिना अमावस्येला संपतो, राजस्थानात पौर्णिमेला. त्यामुळे आपली पौष अमावस्या तिथे माघातली असते. रात्र तीच, महिन्याचे नाव वेगळे. जैसलमेरचा प्रसिद्ध मरु महोत्सव माघ पौर्णिमेच्या सुमारास भरतो. चांदण्यात न्हालेली वाळू पाहायला तो उत्तम, ताऱ्यांसाठी मात्र ती सगळ्यात वाईट रात्र.

समच्या मुख्य धोऱ्यांजवळ तंबूंच्या वसाहती आहेत. तिथे रात्री उशिरापर्यंत झगमगीत दिवे आणि मोठ्याने वाजणारी गाणी असतात. तंबू निवडताना एवढाच प्रश्न विचारावा, ‘रात्री नऊनंतर बाहेरचे दिवे बंद करता का?’ होकार मिळाला तरच राहावे. आणखी दोन गोष्टी पाळायच्या. उद्यानाच्या राखीव भागात वनविभागाच्या परवान्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, आणि हा सीमेलगतचा जिल्हा असल्याने कोणत्या गावापुढे परवानगी लागते याची जैसलमेरमध्येच चौकशी करायची.

धोरा कसा घडतो

आम्ही सूर्यास्ताच्या दोन तास आधी धोरा चढायला लागलो. पहिल्या दहा पावलांतच कळते की डोंगर चढण्याची सवय इथे उपयोगाची नाही. पाऊल टाकावे तर निम्मे मागे घसरते. सरळ चढायला गेले की दम लागतो. धोऱ्याची रचना समजून घेतली तर तोच चढ सोपा होतो.

वाळूचा कण वाऱ्यावर तरंगत जात नाही. धूळ तरंगते, वाळू उड्या मारते. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वारा वाहू लागला की पृष्ठभागावरचे कण उचलले जातात, थोडे पुढे जाऊन आपटतात आणि आपटताना दुसऱ्या कणांना उडवतात. गुडघ्याच्या उंचीपर्यंत हा उड्यांचा खेळ चालतो. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने ईजिप्त-लिबियाच्या वाळवंटात वर्षानुवर्षे भटकंती केली. परतल्यावर वाऱ्याचा बोगदा बांधून त्याने हे कोडे उलगडले. वाळूच्या भौतिकीवरचे त्याचे पुस्तक १९४१ मध्ये आले आणि आजही या विषयाचा पाया मानले जाते.

उड्या मारत आलेली वाळू वाऱ्याच्या बाजूच्या सौम्य उतारावरून वर जाते आणि माथ्यावर साचते. माथा ओलांडला की वाऱ्याचा जोर तुटतो, वाळू पलीकडे पडते. तिथला उतार ३२ ते ३४ अंशांपेक्षा तीव्र होऊच शकत नाही. तेवढा झाला की वाळूचा पापुद्रा सुटतो आणि ओघळत खाली येतो. धान्याची रास घाला किंवा साखरेची, प्रत्येक राशीला असा स्वतःचा एक कोन असतो. अशा रीतीने एका बाजूने झिजत आणि दुसऱ्या बाजूने भरत धोरा हळूहळू पुढे सरकतो.

थरमध्ये जोराचे वारे उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर नैऋत्येकडून येतात. म्हणून इथल्या धोऱ्यांचा सौम्य उतार ढोबळमानाने नैऋत्येकडे आणि उभा, घसरता उतार ईशान्येकडे असतो. चंद्रकोरीसारखे धोरे असतील तर त्यांची टोके वारा जातो त्या दिशेला वळलेली दिसतात. थरमध्ये याच्या उलट आकाराचे धोरेही पुष्कळ आहेत. गवत आणि झुडपे त्यांच्या कडा धरून ठेवतात, मधला भाग पुढे सरकतो आणि दोन्ही हात मागे, नैऋत्येला रेंगाळतात. जगातल्या अनेक वाळवंटांपेक्षा थर अधिक हिरवे आहे, याची खूण धोऱ्यांच्या या आकारातच आहे.

चालायचे कसे हे आता कळते. सौम्य बाजूने, नागमोडी चढायचे. जिथे वाऱ्याच्या लहरींची नक्षी उमटली आहे तिथे वाळू घट्ट असते, तिथे पाऊल ठेवायचे. माथ्याच्या धारेवरून चालायचे आणि उभ्या उतारावरून टाच रोवत उतरायचे. पायात बंद बूट हवेत, कारण काटेरी फळांचे गवत मोज्यांना चिकटते आणि उबदार दिवसांत इथे फुरसेही फिरते. माणशी निदान दोन लिटर पाणी, टोपी आणि रात्रीसाठी जाड स्वेटर घ्यावा. वाळू लवकर तापते आणि तितक्याच लवकर निवते. कोरड्या, निरभ्र आकाशाखाली जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडणाऱ्याला मध्यरात्री शाल पुरत नाही.

ओळखीचे झाड, हरवलेला पक्षी

उतरताना पायथ्याशी एक झाड दिसले. बारीक पानांचे, वेड्यावाकड्या खोडाचे. सोबतचा उंटवाला म्हणाला, ‘ये खेजडी है, साब. इसके बिना यहाँ कुछ नहीं.’ जवळ जाऊन पाहिले आणि परकेपण गळून पडले. ही तर आपली शमी. दसऱ्याला हैदराबादेत तेलुगू शेजारी ज्याची पाने सोने म्हणून हातात ठेवतात, ते जम्मी चेट्टू हेच. महाराष्ट्रात आपण आपट्याची पाने वाटतो, पण सीमोल्लंघनाची पूजा शमीचीच करतो. खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष आहे आणि जम्मी तेलंगणाचा. हजार किलोमीटरहून लांबच्या दोन राज्यांनी एकच झाड निवडले. जमिनीत खोलवर जाणाऱ्या मुळांच्या बळावर ते उन्हाळ्यातही हिरवे राहते. त्याच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची भाजी जैसलमेरच्या ताटात असते आणि पाला शेळ्या-उंटांच्या पोटात जातो.

दुसरी ओळख मात्र मनाला लागते. या उद्यानाच्या गवताळ माळांवर माळढोक आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये ज्याच्यासाठी अभयारण्य केले, तोच हा उंच, भारदस्त पक्षी. दख्खनच्या माळांवरून तो जवळजवळ नाहीसा झाला. आज सबंध जगात दीडशेहून कमी माळढोक उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. विजेच्या उंच तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत, तो त्यांवर आदळतो. या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सम येथे त्याच्या प्रजननाचे केंद्र आहे आणि तिथे अंडी उबवून पिले वाढवली जातात. आपल्या माळावर होते ते पाहायला आता इथवर यावे लागते. ताऱ्यांच्या बाबतीतही तेच घडले आहे, हे त्या संध्याकाळी फार जाणवले.

मुठीने मोजलेले आकाश

सूर्य मावळल्यावर लगेच तारे मोजायची घाई करू नये. संधिप्रकाश पूर्ण जायला सव्वा तास लागतो, आणि डोळ्यांनाही वेळ हवा असतो. दृष्टिपटलात शंकू आणि दंड अशा दोन प्रकारच्या पेशी आहेत. रंग आणि बारकावे शंकू पेशी पाहतात, मंद प्रकाश दंड पेशी टिपतात. दंड पेशींतले रोडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विरते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. त्याला वीस-तीस मिनिटे लागतात. तेवढ्यात डोळ्याची संवेदनशीलता हजारो पटींनी वाढते. कुणी मोबाईलचा पडदा एकदा जरी समोर धरला की ही सारी कमाई क्षणात जाते. म्हणून विजेरीवर लाल कागद बांधायचा. लाल प्रकाशाचा दंड पेशींवर फारसा परिणाम होत नाही.

आठच्या सुमारास पश्चिमेला क्षितिजापासून वर निमुळता होत गेलेला एक फिकट पांढरा उजेड दिसला. आधी वाटले दूरच्या गावाचे दिवे असतील. पण तो तिरका, राशिचक्राच्या रेषेत उभा होता. सूर्यमालेच्या प्रतलात पसरलेल्या धुळीवरून परतलेला हा सूर्यप्रकाश, राशिप्रकाश. पहाटे पूर्वेला दिसतो तेव्हा उर्दूत त्याला सुब्ह-ए-काज़िब म्हणतात, खोटी पहाट. हैदराबादेत हा शब्द अनेकांच्या कानांवरून गेलेला असतो. तो ज्याचे नाव आहे, ती गोष्ट आम्ही त्या रात्री प्रथमच पाहिली.

मग आम्ही मुठीने आकाश मोजले. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. एखाद्या ठिकाणाहून ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो, जवळपास तितकेच त्या ठिकाणाचे अक्षांश असतात. हैदराबाद १७ अंशांवर आहे, म्हणून गच्चीवरून ध्रुव पावणेदोन मुठींवर असतो. सम २७ अंशांच्या जवळ आहे. तिथे तो पावणेतीन मुठींवर होता. दोन दिवसांच्या प्रवासात ध्रुव एक मूठ वर चढला. पृथ्वी गोल आहे हे पुस्तकात वाचलेले असते, इथे ते हाताने मोजता येते. आणि धोऱ्याचा उभा उतार खरोखर ईशान्येला आहे का, हेही ध्रुवावरून पडताळता आले. तो तसाच होता.

दुसऱ्या बाजूचा हिशेब अगस्त्य ताऱ्याकडे. त्या दिवसांत रात्री साडेदहाच्या आसपास तो दक्षिणेला आपल्या सर्वोच्च जागी येतो. हैदराबादेत तेव्हा तो वीस अंशांवर, दोन मुठींवर ठळक चमकत असतो. समला तो जेमतेम एका मुठीवर, वाळूच्या कडेला टेकल्यासारखा होता. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेला आणि परत न आलेला ऋषी म्हणून अगस्त्याची कथा आपण लहानपणी ऐकतो. दख्खनमधून उत्तरेला आले की तो असा खाली उतरतो. दक्षिणेचा तारा तो का मानला गेला, हे कथेआधी आकाशानेच सांगितले असावे.

मंद तारा पाहायची जुनी युक्तीही उपयोगी पडली. साडेदहापर्यंत सप्तर्षी ईशान्येला वर आले होते. त्यांतल्या वसिष्ठाच्या शेजारी अरुंधती असते. विवाहविधीत नववधूला ती दाखवतात. आधी मोठा तारा दाखवायचा, मग त्याच्या आधाराने लहान, हा अरुंधतीदर्शनाचा न्याय. आकाशदर्शनाचा अख्खा अभ्यासक्रम या एका न्यायात सामावला आहे. त्याला एवढीच जोड द्यावी की फार मंद वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवायची, कारण दंड पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसून भोवती दाट असतात. याच रीतीने आम्हाला त्याआधी वायव्येला देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका सापडला होता. डोळ्यांत शिरलेला तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला होता. दुर्बीण नव्हती, फक्त अंधार होता.

शेवटी मृग. चौकटीच्या कोपऱ्यांतला काक्षी तांबूस, राजन्य निळसर पांढरा. बाणाखाली तेजोमेघाचा धुरकट डाग सरळ दिसत होता. चौघांनी वेगवेगळे मोजले आणि आकडे जुळवले. कमीत कमी आकडा निघाला चौतीस. गच्चीवरचे पाच आणि इथले चौतीस. मधले एकोणतीस तारे कुठेही गेले नव्हते. ते हिमायतनगरावरूनही रोज जातात.

कणाची आठवण

वाळूवर पाठ टेकून पडलो असताना तळहाताखालच्या कणांचा विचार आला. थरच्या वाळूत मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे कण आहेत. त्यातला मोठा वाटा सिंधू नदीने हिमालयाच्या खडकांचा चुरा करून आणला आणि मोसमी वाऱ्यांनी तो आत लोटला. या कणांची एक क्षमता मला नेहमी थक्क करते. ते अंधार मोजतात.

कण वाळूखाली गाडला गेला की त्याच्या आसपासच्या मातीतले युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे किरण त्याच्यावर अखंड, अगदी थोडे थोडे पडत राहतात. त्यामुळे स्फटिकातले काही इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतात आणि स्फटिकातल्या उणिवांत अडकून बसतात. जितका काळ अंधारात, तितके अडकलेले अधिक. कणाला पुन्हा ऊन लागले की ते सुटतात आणि पाटी कोरी होते. म्हणून शास्त्रज्ञ धोरा खणून त्याच्या पोटात अपारदर्शक नळी ठोकतात, उजेड न लागू देता वाळू बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत नेतात. तिथे कणांना उष्णता किंवा विशिष्ट प्रकाश दिला की अडकलेली ऊर्जा मंद प्रकाश होऊन बाहेर पडते. तो मोजला की या कणाने शेवटचे ऊन केव्हा पाहिले ते कळते.

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी राजस्थानच्या धोऱ्यांचे वय या तत्त्वावर काढून १९८२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. जगाने दखल घेतलेल्या त्या कामाची परंपरा पुढेही चालू राहिली. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. हिमयुगाच्या सर्वांत कोरड्या काळात धोरे जोमाने वाढले असतील असे वाटते. पण थरच्या धोऱ्यांची मोठी वाढ त्यानंतरची, नैऋत्य मोसमी वारे पुन्हा जोर धरू लागले तेव्हाची निघाली. वाळू असून भागत नाही, ती वाहून नेणारा वारा हवा. आपल्याकडे पाऊस आणणारे आणि थरमध्ये धोरे रचणारे वारे एकच.

या प्रयोगशाळेतही मंद लाल दिव्याच्या उजेडात काम करतात. पांढरा दिवा एकदा लागला तर हजारो वर्षांची नोंद क्षणात पुसली जाते. आमच्या हातातल्या विजेरीलाही लाल कागद होता. वाळूचा कण असो की डोळ्यातली दंड पेशी, दोघांनाही अंधारातच काही साठवता येते आणि दोघांचाही साठा नको त्या उजेडाने जातो. अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, असे आपण शिकतो. त्या रात्रीनंतर मला तो एक साधनसंपत्ती वाटतो, पाण्यासारखी. जपली तर टिकते, नाहीतर हरवते.

परतल्यावर

अंधार जपता येतो, हे आता आपल्या देशातही दिसू लागले आहे. लडाखमधल्या हानले गावाभोवतीचा सुमारे हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आशियातले ते पाचवे. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवले गेले. गावे अंधारात गेली नाहीत, फक्त आकाशाकडे वाया जाणारा उजेड खाली वळला. राजस्थान लांब वाटत असेल त्या मराठी वाचकाने नागपूरमार्गे पेंच गाठावे.

याची निकड मोठी आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक प्रकाश-नकाशानुसार जगातल्या दर तीन माणसांपैकी एकाला आपल्या घरावरून आकाशगंगा दिसत नाही. ज्या मुलाने ती कधी पाहिलीच नाही, त्याला तिची उणीवही भासणार नाही. माळढोक न पाहिलेल्याला माळ सुना वाटत नाही, तसेच.

परतल्यावर आम्ही दोनच गोष्टी केल्या. गच्चीवरच्या दिव्याचे तोंड आकाशाकडे होते, त्यावर पत्र्याची टोपी बसवून उजेड जिन्याकडे वळवला. शेजारच्या इमारतीतल्या काकांना विनंती केली, तेव्हा त्यांनीही टाकीजवळचा दिवा रात्री दहानंतर बंद ठेवायला सुरुवात केली. पुढच्या अमावस्येला टाकीमागच्या आडोशाला उभे राहून अर्धा तास डोळे अंधाराला सरावू दिले आणि मृग पुन्हा मोजला. आठ तारे आले.

पाचाचे आठ, फार नाही. पण त्या तिनांसाठी कुठे जावे लागले नाही. मृगाच्या पायांखाली नजर नेली, तर शशकाचे दोन ठळक तारेही ओळखू आले. बेगमपेठेत काचेच्या पट्ट्यांवर ज्याची नोंद झाली होती, त्याच आकाशपट्ट्यातले. ध्रुवाकडे वळून हात लांब केला. पावणेदोन मुठी. सगळे आपापल्या जागी होते.